लाईट खाजगी झाली तर बिल कमी येईल का? आधी बिल उघडून पाहूया

पालकसभा संपली की चहाच्या वेळी हल्ली एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे लाईट बिल. एकाचं म्हणणं असतं, "सरकारी आहे म्हणून हा सगळा बोजवारा. खाजगी करून टाका, मोबाईलसारखं स्वस्त होईल." दुसरा म्हणतो, "खाजगी झालं की संपलंच, गरिबाच्या घरात परत कंदील येणार." दोघंही तावातावाने बोलतात आणि दोघांनीही बिलाची मागची बाजू सहसा वाचलेली नसते. टोमणा म्हणून नाही सांगत. ते बिल कोणाला वाचावंसं वाटेल असं छापलेलंच नसतं.

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, विजेचं खाजगीकरण चांगलं की वाईट, यावर हो किंवा नाही असं एका शब्दात उत्तर देण्याआधी दोन गोष्टी कळायला हव्यात. आपण भरतो तो एक रुपया जातो कुठे? आणि कंपनी बदलली तर त्या रुपयातला नेमका कोणता भाग बदलू शकतो? हे कळलं की वादाची निम्मी धूळ खाली बसते. यातला बराचसा भाग पाचवी ते सातवीच्या मुलांना गणितात आणि परिसर अभ्यासात सांगता येतो. मुलं घरून जुनी बिलं आणतात, त्यामुळे साहित्य फुकट मिळतं.

बिलातल्या ओळी

सुरुवात युनिटपासून करावी. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट झालं. ९ वॅटचा एलईडी बल्ब एक युनिट खायला जवळपास १११ तास घेतो. ७५ वॅटचा साधा पंखा साधारण १३ तासांत एक युनिट संपवतो, आणि २००० वॅटचा गिझर अर्ध्या तासात. मुलांना हे सांगितलं की ती घरी जाऊन पहिल्यांदा गिझरकडेच बघतात.

बिलात मुख्य ओळी पाच. स्थिर आकार, म्हणजे वीज वापरा न वापरा, जोडणी आहे म्हणून द्यायचे पैसे. वीज आकार, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेल्या युनिटचे पैसे. वहन आकार, म्हणजे तारांमधून ती वीज आपल्या घरापर्यंत आणण्याचं भाडं. इंधन समायोजन आकार, म्हणजे कोळसा वगैरे ठरवल्यापेक्षा महाग पडला तर त्यातला फरक. आणि शेवटी वीज शुल्क. हा सरकारचा कर आहे आणि घरगुती ग्राहकाला तो १६ टक्के लागतो. हा कर कंपनीच्या खिशात जात नाही, सरकारच्या तिजोरीत जातो. बिल वाढलं म्हणून वायरमनला बोलणाऱ्यांनी ही ओळ एकदा नीट बघावी.

आता हिशोब. २०२४-२५ मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकाला पहिल्या १०० युनिटसाठी वीज आकार ४ रुपये ७१ पैसे आणि वहन आकार १ रुपया १७ पैसे, असे मिळून ५ रुपये ८८ पैसे पडत होते. १०१ ते ३०० युनिटसाठी हेच ११ रुपये ४६ पैसे. सिंगल फेजचा स्थिर आकार १२८ रुपये. नंतर दर बदलले, पण हिशोबाची रीत तीच आहे. १०० युनिट जाळणाऱ्याचं बिल, इंधन समायोजन सोडून, ५८८ अधिक १२८ म्हणजे ७१६, त्यावर १६ टक्के, एकूण सुमारे ८३१ रुपये. २०० युनिट जाळणाऱ्याचं सुमारे २१६० रुपये. वापर दुप्पट झाला, पण बिल अडीचपटीपेक्षा जास्त झालं. उन्हाळ्यात कूलर लागला की "मीटर पळतंय" असं वाटतं, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. मीटर नीट असतं, आपण वरच्या टप्प्यात गेलेलो असतो.

इथे एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. "१०० च्या वर एक युनिट गेलं की सगळ्याच युनिटना जास्त दर लागतो" असं मी सुशिक्षित माणसांकडूनही ऐकलं आहे. तसं नाही. पहिले १०० युनिट स्वस्त दरानेच धरले जातात, फक्त त्यापुढचे महाग पडतात. १०१ वं युनिट जाळल्याने बिल तेरा-सव्वातेरा रुपयांनी वाढतं, शेकड्याने नाही. तसंच रीडिंग ३० ऐवजी ४० दिवसांनी घेतलं तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरायचे असतात. जून २०२० मध्ये लॉकडाऊननंतर तीन महिन्यांची बिलं एकदम आली तेव्हा जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हाच टप्प्यांचा हिशोब होता. त्रैराशिक शिकवायला यापेक्षा जिवंत उदाहरण मला तरी सापडलेलं नाही.

आणखी एक. एप्रिल-मे महिन्यात दुसरंच एक बिल हातात पडतं आणि लोक चिडतात. ते अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं असतं. वर्षभराचा सरासरी वापर वाढला की ठेवही वाढवून मागतात. ती आपल्या नावावर राहते आणि तिच्यावर व्याज मिळतं.

रुपया जातो कुठे

विजेचा प्रवास मुलांना तीन टप्प्यांत सांगावा. वीज तयार होते, उंच मनोऱ्यांवरच्या तारांतून दूर नेली जाते, आणि शेवटी डीपीवरून घरोघर वाटली जाते. महाराष्ट्रात ही तिन्ही कामं एकच संस्था करायची, २० जून १९६० ला स्थापन झालेलं महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ. आपल्या आईवडिलांच्या तोंडी अजूनही "एमएसईबी" असतं ते त्यामुळे. २००३ च्या वीज कायद्यानंतर, ६ जून २००५ ला मंडळाचे भाग पडले. तयार करणारी महानिर्मिती, वाहून नेणारी महापारेषण आणि वाटणारी महावितरण. तिघीही सरकारच्याच मालकीच्या.

पण महावितरण वाटते ती सगळी वीज महानिर्मितीची नसते. कोराडी, चंद्रपूर, परळी, कोयना ही महानिर्मितीची केंद्रं आहेतच, शिवाय केंद्र सरकारच्या एनटीपीसीकडून वीज येते. गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोड्याचं अदानींचं केंद्र, रत्नागिरीजवळ जयगडचं जेएसडब्ल्यूचं केंद्र, अमरावतीचं रतन इंडियाचं केंद्र, या खाजगी केंद्रांकडूनही करार करून घेतली जाते. म्हणजे "वीज खाजगी होणार" असं आपण म्हणतो तेव्हा वीजनिर्मितीत ते केव्हाच झालेलं आहे. आज वाद आहे तो फक्त शेवटच्या टप्प्याचा, आपल्या दारातल्या तारेचा आणि मीटरचा.

ढोबळमानाने वितरण कंपनीच्या खर्चातले रुपयामागे सत्तर-ऐंशी पैसे वीज विकत घेण्यात आणि ती वाहून आणण्यात जातात. उरलेल्या वीस-तीस पैशांत पगार, दुरुस्ती, कर्जाचं व्याज, मीटर, सगळं बसवायचं. दारातली कंपनी बदलली तरी कोळसा तोच, केंद्रं तीच, त्यांच्याशी झालेले करारही तेच. मग मोबाईलसारखं निम्म्यावर येईल कसं?

हे करार काय करू शकतात ते पाहायचं तर दाभोळ आठवावं. तरुण शिक्षकांनी हे नाव ऐकलं असेल, प्रकरण कदाचित माहीत नसेल. गुहागर तालुक्यात एन्रॉन या अमेरिकन कंपनीच्या पुढाकाराने दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. मंडळाने डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार केला आणि १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला. करार असा, की वीज घ्या न घ्या, क्षमतेचे पैसे द्यायचे, आणि तेही डॉलरशी बांधलेले. मेसच्या डब्यासारखं. महिनाभराचे पैसे भरायचे, मग तुम्ही गावी गेलात म्हणून डबेवाला पैसे परत देत नाही. फरक इतकाच, की हा डबा बाजारातल्या इतर डब्यांपेक्षा कितीतरी महाग होता आणि रुपया घसरेल तसा आणखी महाग होत गेला. मंडळाचं कंबरडं मोडायला आलं. मे २००१ मध्ये मंडळाने ती वीज घेणं थांबवलं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एन्रॉनचं अमेरिकेत दिवाळं निघालं. हा करार करणारी संस्था सरकारी होती आणि वीज विकणारी कंपनी खाजगी. त्यामुळे दाभोळचं उदाहरण दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या सोयीने वापरतात. मला त्यातून एवढंच दिसतं, की वाईट करारावर सही झाली की पाटी कोणाचीही असो, भुर्दंड बिलातच येतो.

गळती, आणि भिवंडीचा धडा

मग खाजगी कंपनी काहीच बदलू शकत नाही का? एक गोष्ट नक्की बदलू शकते, ती म्हणजे गळती.

शंभर लिटर पाणी टाकीतून सोडलं आणि घराघरात साठच लिटर पोचलं, तर चाळीस लिटर वाटेत गेलं. विजेचंही तसंच. काही वीज तारा तापण्यात जाते, ती थोडीफार जाणारच. काही आकडे टाकून जाते. काही मीटर बंद असल्याने मोजलीच जात नाही. आणि काहींचं बिल निघतं पण वसूल होत नाही. या सगळ्याचा भार जे नियमित भरतात त्यांच्यावर पडतो.

भिवंडीत ही गळती निम्म्याहून जास्त होती. यंत्रमागाचं गाव, आकड्यांचं जाळं, वसुलीला गेलेल्या माणसांवर दमदाटी. २६ जानेवारी २००७ पासून तिथलं वितरण टोरंट पॉवर या कंपनीला फ्रँचायझी म्हणून दिलं. फ्रँचायझी म्हणजे पूर्ण मालकी नव्हे. परवाना महावितरणचाच, तारा आणि ग्राहकही तिचेच. कंपनी महावितरणकडून ठरलेल्या दराने घाऊक वीज घेणार आणि आयोगाने ठरवलेल्या दरानेच ग्राहकाला विकणार. तिची कमाई कशात? घेतलेल्या शंभर युनिटपैकी आधी पंचेचाळीसचेच पैसे येत होते, ते ऐंशीचे यायला लागले, तर मधल्या पस्तीस युनिटात. (हे आकडे गणितासाठी घेतले आहेत.) त्यामुळे चोरी पकडणं, मीटर बदलणं, तारा आणि रोहित्रं सुधारणं, यात कंपनीला रस होता. गळती काही वर्षांत वीस टक्क्यांच्या आसपास आली. हे यश खरं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्याचबरोबर वाढीव बिलं आणि नव्या मीटरबद्दलच्या तक्रारी, मोर्चे, हेही तिथे होत आले.

आता लक्षात घ्या, टोरंट आली म्हणून भिवंडीकरांचा युनिटचा दर एका पैशानेही कमी झाला नाही. जास्तही झाला नाही. दर तोच राहिला, कारण दर कंपनी ठरवतच नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.

भिवंडीचं यश पाहून पुढे २०११ मध्ये तीन शहरांत तोच प्रयोग झाला. नागपूरचे तीन विभाग स्पॅन्कोकडे, तेव्हाचं औरंगाबाद म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर जीटीएलकडे, आणि जळगाव क्रॉम्प्टन ग्रीव्ह्जकडे. तिन्ही करार पंधरा वर्षांचे. संभाजीनगरचा करार थकबाकीमुळे २०१४ मध्ये महावितरणने रद्द केला. जळगावचा २०१५ मध्ये संपला. नागपूरच्या कंपनीची मालकी मध्ये बदलली, तरी सप्टेंबर २०१९ मध्ये आर्थिक अडचण सांगून तिने काम सोडलं आणि शहर पुन्हा महावितरणकडे आलं. एकही करार पंधरा वर्षं टिकला नाही. चार शहरांत एक प्रयोग जमला आणि तीन फसले, तोही एकाच राज्यात, एकाच आयोगाखाली. "खाजगी म्हणजे कार्यक्षम" आणि "खाजगी म्हणजे लूट" ही दोन्ही वाक्यं या चार शहरांपुढे टिकत नाहीत. आणि कंपनी निघून गेली तेव्हा रातोरात ताबा घेऊन लाईट चालू ठेवली कोणी, तर सरकारी कंपनीच्या वायरमन आणि अभियंत्यांनी. मागे कोणीतरी उभं होतं म्हणून अंधार झाला नाही. हे मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

वडाप आणि एसटी

आता खऱ्या मुद्द्यावर येऊ.

वीज सुरुवातीला सरकारी नव्हतीच. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. पुढे मुळशीच्या धरणासाठी मावळातल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तोही टाटांच्या याच विजेपायी. जमीन मावळातली, दिवे मुंबईचे. खाजगी कंपन्या जिथे पैसे देणारे गिऱ्हाईक दाट होतं तिथे गेल्या. त्यात त्यांचं चुकलं असं नाही, धंदा तसाच चालतो. पण डोंगरातल्या वाडीवर दहा घरांसाठी वीस खांब कोण टाकणार? म्हणून १९४८ चा वीजपुरवठा कायदा आला, राज्याराज्यांत मंडळं झाली, आणि गावोगावी खांब पोचले.

त्यातूनच एक पद्धत रुजली. मुंबई सोडली तर उरलेल्या महाराष्ट्रात, पुण्यातल्या फ्लॅटला आणि अक्कलकुव्याच्या पाड्याला घरगुती दर एकच. पाड्यापर्यंत वीज नेण्याचा खर्च कितीतरी जास्त, तरी दर तोच. शिवाय कारखाने, दुकानं आणि जास्त वापरणारी घरं थोडा चढा दर देतात, आणि त्या पैशातून शेतीपंप आणि कमी वापराच्या घरांना सवलत मिळते. याला क्रॉस सबसिडी म्हणतात. शेतीपंपांसाठी सरकारही आपल्या तिजोरीतून भर घालतं. २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत विजेची योजना आली, तिच्यात सुमारे ४४ लाख शेतकरी आहेत. मोफत म्हणजे पैसे कोणीच देत नाही असं नव्हे, ते बिलातून न जाता कराच्या वाटेने जातात.

२००३ च्या कायद्याने एकाच भागात दुसऱ्या कंपनीलाही वितरणाचा परवाना देता येतो, त्याला समांतर परवाना म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहातल्या कंपनीने असा परवाना मागितला. कुठे? मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण. नकाशावर ही नावं मुलांना शोधायला लावा. कारखाने, मॉल, टोलेजंग इमारती, आणि बिल वेळेवर भरणारी घरं. म्हणजे महावितरणच्या ताटातली तुपाची धार. याविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी ४ जानेवारी २०२३ पासून ७२ तासांचा संप पुकारला. त्याच दिवशी तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याशी बोलणी झाल्यावर तो मागे घेतला. वर्तमानपत्रात तो कर्मचाऱ्यांच्या नोकरीचा प्रश्न म्हणून जास्त आला. तो तसा होताही. पण तो पाड्याचाही प्रश्न होता, त्याची चर्चा फार थोडी झाली.

ग्रामीण भागातल्या शिक्षकांना हे समजायला वडापचं उदाहरण पुरे. एसटी यायच्या दहा मिनिटं आधी वडापवाला स्टँडवर येतो आणि तालुक्याचे पॅसेंजर भरून निघून जातो. पॅसेंजरची सोय होते, भाडंही थोडं कमी. पण तीच एसटी पुढे घाटातल्या वाडीवर मुक्कामी जाणार असते. तिथे वडाप जात नाही. भरलेल्या फेरीवर रिकामी फेरी चालते. भरलेली फेरी गेली की एका हंगामात महामंडळ म्हणतं, परवडत नाही, मुक्कामी गाडी बंद. आणि मग सातवीनंतर मुलीची शाळा सुटते. हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

विजेत ग्राहकांची निवड तर मोबाईलइतकी सोपीही नाही. मोबाईल कंपनी आपला वेगळा टॉवर टाकते, पण प्रत्येक गल्लीत दोन-दोन कंपन्यांच्या तारा टाकणं म्हणजे एका विहिरीशेजारी दुसरी विहीर खणणं. त्याचा खर्चही बिलातच येणार. मुंबई उपनगरात टाटा आणि अदानी असे दोन पुरवठादार आहेत, तिथे बरेच ग्राहक एकाची वीज दुसऱ्याच्या तारेतून घेतात आणि तारेचं भाडं भरतात. बेस्ट शहर भागात आहे आणि मुलुंड-भांडुपला महावितरण. एकाच महानगरात चार पुरवठादार, तरी मुंबईकर बिलावर खूश आहेत असं काही मी ऐकलेलं नाही.

दिल्लीचं उदाहरण

खाजगीकरणाच्या बाजूने दिल्लीचं नाव हमखास घेतात. ते अर्धवट सांगितलं जातं म्हणून थोडं थांबतो. जुलै २००२ मध्ये दिल्लीचं वितरण तीन कंपन्यांकडे गेलं, त्यात ५१ टक्के खाजगी आणि ४९ टक्के सरकार. तेव्हा निम्म्याच्या आसपास असलेली गळती आज दहा टक्क्यांच्या खाली आहे. हे मोठं काम आहे. पण दिल्लीत बिलं कमी दिसतात त्याला दुसरी दोन कारणं आहेत. एक म्हणजे २०० युनिटपर्यंतचं बिल २०१९ पासून सरकार भरतं. दुसरं, खर्च वाढला तरी दर त्या प्रमाणात वाढवले नाहीत, फरक "पुढे वसूल करू" म्हणून वहीत लिहून ठेवला. ही वही २७,००० कोटींच्या वर गेली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी साचलेली रक्कम ठराविक वर्षांत फेडायचा आदेश दिला. किराणा दुकानातली उधारी आहे ही. आज खिशातून पैसे गेले नाहीत म्हणून माल स्वस्त झाला असं होत नाही.

ओडिशाने तर दिल्लीच्याही आधी, १९९९ मध्ये वितरण खाजगी केलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये महाचक्रीवादळ आलं, खांबच्या खांब आडवे झाले. एईएस ही अमेरिकन कंपनी २००१ मध्ये निघून गेली. उरलेल्या कंपनीचे परवाने २०१५ मध्ये रद्द झाले, आणि २०२०-२१ मध्ये टाटा पॉवरने ५१ टक्के हिस्सा घेतला. वीस वर्षांत मालक बदलत राहिले.

सरकारी म्हणजे सगळं ठीक, असंही मी म्हणत नाही. डीपी जळाली की गावाने वर्गणी काढून ती ट्रॅक्टरवर घालून न्यायची, रीडिंग न घेता सरासरी बिल टाकायचं, शेतीला रात्रीची लाईट देऊन माणसांना सापाच्या तोंडी पाठवायचं, हे सगळं सरकारी कारभारातच झालं आहे. ते सुधारायलाच हवं. माझं मत विचाराल तर गळतीचं काम कराराने, ठराविक भागापुरतं, कडक अटींवर खाजगी कंपनीला द्यायला हरकत नाही. पण तुपाची धार काढून देऊन ताक सरकारी कंपनीकडे ठेवायला माझा विरोध आहे. ज्याला ठाणे हवं त्याने शहापूरच्या वाड्याही घ्याव्यात.

शाळेचं मीटर

हा विषय आपल्याला, म्हणजे शिक्षकांना, आणखी एका कारणाने जवळचा आहे. जिल्हा परिषद शाळेचं लाईट बिल. डिजिटल शाळा, ई-लर्निंगचे संच, संगणक, टीव्ही, हे सगळं लोकवर्गणीतून आणि योजनांतून आलं. पण बिल भरायला नियमित तरतूद किती शाळांत आहे? पटावर ठरणाऱ्या संयुक्त शाळा अनुदानातून खडू, दुरुस्ती, स्वच्छता आणि बिल, सगळं भागवायचं. वीस पटाची शाळा असेल तर काय भागणार? थकबाकी झाली की मीटर काढून नेतात आणि टीव्हीवर कापड टाकून ठेवावं लागतं. अनेक ठिकाणी मुख्याध्यापक खिशातून भरतात, हे आपल्यातल्या प्रत्येकाला माहीत आहे.

पूर्वी शाळांना दुकानांसारखा व्यापारी दर लागायचा. त्यावर बरीच ओरड झाली, आयोगापुढे म्हणणं मांडलं गेलं, आणि आयोगाने "सार्वजनिक सेवा" असा वेगळा गट केला. त्यात सरकारी शाळा आणि दवाखाने येतात. हा बदल कोणत्या कंपनीने दया म्हणून केला नाही, तो सुनावणीतून झाला. म्हणून शाळेच्या बिलावर दराचा गट कोणता छापला आहे तो या आठवड्यात पाहून घ्या. व्यापारी असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीने अर्ज द्या. मे महिन्यात शाळा बंद असतानाही स्थिर आकार लागतो, त्यामुळे मंजूर भार गरजेपेक्षा जास्त नाही ना, तेही तपासा. सौर पॅनेल बसवण्यासाठी ग्रामपंचायतीच्या निधीतून काही होतं का, हे ग्रामसभेत विचारता येतं. वीजपुरवठ्याच्या तक्रारीला १९१२ हा क्रमांक आहे. बिलाची तक्रार तिथे मिटली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि तिथे वकील लागत नाही.

दरवाढीचा प्रस्ताव आला की आयोग वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सूचना आणि हरकती मागवतो. कोणीही लिहू शकतो, मराठीत, साध्या कागदावर. सुनावणीला ग्राहक संघटना, उद्योगांचे प्रतिनिधी, पुण्याच्या प्रयाससारखे अभ्यासगट जातात आणि आकड्यांनिशी बोलतात. शाळांच्या वतीने बोलणारं तिथे क्वचितच कोणी असतं. पुढच्या वेळी जाहिरात आली की केंद्रातल्या सगळ्या शाळांनी मिळून एक पानी हरकत पाठवावी असं मला वाटतं. त्यात तीनच गोष्टी लिहायच्या: शाळेचा पट, वर्षाचं बिल आणि मिळालेलं अनुदान. बेरीज-वजाबाकी सातवीच्या मुलांकडून करून घ्या.